सकाळी अंबाझरीला फिरतो, मग दिवसभर खुर्चीत. हे चालतं का?

नऊ_ते_सात · १४ मे, रात्री १०:४०

मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय ४४. नागपुरात धरमपेठेत एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो. गेली ६ वर्षं रोज सकाळी अंबाझरीकडे पाऊण तास फिरतो, खाडा जवळपास नाही. गोड कमी, सावजी महिन्यातून एखाद वेळी. आणि परवा रिपोर्ट आला : एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.१. डॉक्टर म्हणाले, "५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसचा उंबरठा. तुम्ही त्यावर उभे आहात." मी म्हटलं, अहो पण मी रोज फिरतो! तर म्हणाले, "सकाळचं कळलं. उरलेल्या दिवसाचं काय?"

घरी येऊन उरलेल्या दिवसाचा हिशेब मांडला, पेशाच तो. स्कूटरवर २० मिनिटं. साडेनऊ ते दीड खुर्ची. डबा जागेवरच. दोन ते सात पुन्हा खुर्ची. परत स्कूटर. घरी सोफा, जेवताना टीव्ही. बेरीज ११ तासांच्या वर जाते. काल मुद्दाम कॅलेंडरच्या मागच्या पानावर रेघा ओढल्या, ऑफिसात किती वेळा उठलो त्याच्या. चार. पाण्यासाठी एकदाही नाही, कारण टेबलावर दोन लिटरची बाटली भरून ठेवलेली असते. तीही तब्येतीसाठीच घेतली होती.

तर प्रश्न असा, की सकाळचं फिरणं वाया जातंय का? दर अर्ध्या तासाने उठा म्हणतात त्यात तथ्य आहे की ते व्हॉट्सअॅपचं ज्ञान आहे? आणि उठून जायचं कुठे? बाहेर ४५ अंश आहे आणि नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) अजून लागायचाच आहे.

---

तर्री_मारके · १४ मे, रात्री ११:०५

भाऊ, आमच्या ऑफिसात एक जण हाय. दर अर्ध्या तासानं उठते, दोन माळे उतरते, पानठेल्यावर जाते, पाच मिनिटं उभा राहते अन् जिना चढून परत येते. अलार्म नाई, स्मार्ट घड्याळ नाई, काही नाई. खर्रा. एवढा शिस्तीचा माणूस म्या पाह्यला नाई.

---

स्टेथोवाली · १५ मे, सकाळी ७:२०

तर्री भाऊ, त्यांना सांगा तो सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडा, जिना ठेवा. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट पाहून पाहून थकलो आम्ही.

नऊ_ते_सात, फिरणं वाया अजिबात जात नाही, ते सोडू नका. पण व्यायाम करणं ही एक गोष्ट आणि सलग न बसणं ही दुसरी. पहिली केली म्हणून दुसरी आपोआप होत नाही. तुमचं बीपी, वजन, घरातला डायबेटिसचा इतिहास मला माहीत नाही, त्यामुळे ६.१ कशाने आलं ते इथून सांगता येणार नाही. बसण्याने शरीरात काय होतं तेवढं सांगते.

जेवण झाल्यावर रक्तात साखर चढते. ती रिचवणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू, त्यातही मांड्या आणि पोटऱ्या. स्नायूच्या पेशीत साखर आत घ्यायला एक वाहक प्रथिन असतं, ग्लुट-४. ते एरवी पेशीच्या आत पडून असतं. इन्शुलिनने हाक मारली की पृष्ठभागावर येतं आणि साखर आत ओढतं. गंमत अशी की स्नायू आकुंचन पावला तरीही ते वर येतं, तेव्हा इन्शुलिनच्या हाकेची वाट पाहत नाही. म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्शुलिनची हाक नीट ऐकू जात नाही (उंबरठ्यावरचे बहुतेक जण असेच), त्यांच्यासाठी हे मागचं दार आहे. खुर्चीत बसलं की मांड्या-पोटऱ्या जवळजवळ बंद. दार आहे, पण उघडायला कोणी नाही.

दुसरं रक्तवाहिन्यांचं. गुडघे दुमडून तासन्‌तास बसलं की पायांतला रक्तप्रवाह मंदावतो. धमनीच्या आतल्या अस्तराला वाहत्या रक्ताचा घासरा लागतो, म्हणून ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी सैल राहते. प्रवाह मंद झाला की घासरा कमी, आणि धमनीचं सैल होणंही कमी. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात लोकांना तीन तास बसवून ठेवलं. एक पाय स्थिर, दुसरा मधूनमधून हलवायचा. स्थिर पायाच्या गुडघ्यामागच्या धमनीचं काम बिघडलं, हलत्या पायाचं नाही. माणूस तोच, खुर्ची तीच. लहानपणी पाय हलवला म्हणून आजीचं बोलणं खाल्लेल्यांनी नोंद घ्यावी.

आता ओपीडी आहे, संध्याकाळी येते.

---

शंकासुर · १५ मे, सकाळी ९:४८

डॉक्टर ताई, समजलं. पण "दर अर्ध्या तासाने" हा आकडा एवढा गाजला कशाने? माझ्या माहितीप्रमाणे अलीकडे तरी कोलंबिया विद्यापीठातल्या कीथ डियाझ यांच्या २०२३ च्या प्रयोगाने. लोक किती? ११. त्यांना आठ तास बसवलं, वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे ब्रेक दिले. अर्ध्या तासाने १ मिनिट, अर्ध्या तासाने ५, तासाने १, तासाने ५, आणि एक दिवस काहीच नाही. चालणं आरामाचं, ताशी तीनेक किलोमीटर. जेवणानंतर चढणारी साखर ठळकपणे कमी झाली ती फक्त दर अर्ध्या तासाला ५ मिनिटं चालल्यावर, नुसतं बसण्याच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी. बीपी मात्र सगळ्याच प्रकारांत ४ ते ५ अंकांनी उतरलं.

मला हे खोटं म्हणायचं नाही. ११ माणसं आणि एकेक दिवस, एवढंच म्हणतो. त्यातून "हार्ट अॅटॅक टळतो" हे सिद्ध होत नाही. आपल्याकडे लगेच पोस्टर लागतात.

---

तर्री_मारके · १५ मे, सकाळी १०:०२

५८ टक्के म्हणजे? माझ्या पोट्ट्याले बारावीत तेवढेच होते.

---

कंडक्टरची_लेक · १५ मे, दुपारी १:३०

शंकासुर, हार्ट अॅटॅकचं म्हणत असाल तर ही गोष्ट त्या प्रयोगाच्या ७० वर्षं आधीची आहे, आणि माझ्या फार जिव्हाळ्याची, कारण माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. गणेशपेठ स्टँडवर आमचं अर्धं बालपण गेलं.

लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरने बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९५३ साली छापून आला. दुमजली बस. ड्रायव्हर शिफ्टभर बसलेला. कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर वर-खाली, रोजच्या शेकडो पायऱ्या. बस एक, धूर एक, पगाराचा वर्गही साधारण एकच. आणि हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त, कंडक्टरांमध्ये कमी.

बाबांच्या बसला वरचा मजला नव्हता, पण उभ्या गर्दीत मागून पुढे आणि पुढून मागे जाणं म्हणजे काय ते उन्हाळ्यात काटोलच्या गाडीत बसलेल्यांना सांगायला नको. बाबा ७८ चे आहेत, अजून भाजी आणायला पायी जातात. त्यांचे जोडीदार ड्रायव्हर काका गेले लवकर. एका जोडीवरून सिद्ध काही होत नाही, माहीत आहे. तरी तो अभ्यास वाचला तेव्हा मला आधी ती दोघंच आठवली.

---

शंकासुर · १५ मे, दुपारी २:१५

ताई, सुंदर लिहिलंत. आता माझं काम करतो. याच मॉरिसने १९५६ मध्ये आणखी एक लेख लिहिला, बसवाल्यांच्या गणवेशाच्या मापांवर. कंपनीकडे पॅण्टींच्या कमरेची नोंद होती. त्यात दिसलं की ड्रायव्हरांच्या कमरा कंडक्टरांपेक्षा मोठ्या, आणि तरुण वयातसुद्धा मोठ्या. म्हणजे बसून बसून सुटले की आधीच सुटलेले लोक ड्रायव्हर झाले? प्रश्न त्याने स्वतःच विचारला, हे मला फार आवडतं. स्वतःच्याच निष्कर्षाला टाचणी लावणारा माणूस. असे शोधून सापडत नाहीत, या धाग्यावर तर नाहीच.

---

स्टेथोवाली · १५ मे, रात्री ९:१०

शंकासुर, तुमच्या टाचण्या योग्य जागी लागतात. म्हणून एकाच अभ्यासावर भार टाकायचा नाही. मेलबर्नला २०१२ मध्ये १९ जाडसर मध्यमवयीन लोकांवर असाच प्रयोग झाला, दर २० मिनिटांनी फक्त २ मिनिटं चालणं. हळू चाललं तरी साखरेचा चढ साधारण पाव हिश्शाने कमी, इन्शुलिनही कमी लागलं. लोक याही वेळी थोडेच. पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या चमूंनी, दिशा तीच दाखवली.

मोठ्या आकड्यांचं म्हणाल तर २०१६ चा लॅन्सेटमधला एकत्रित अभ्यास आहे, १० लाखांहून अधिक लोकांचा. दिवसाला ८ तासांवर बसणाऱ्यांचा मृत्यूचा वाढीव धोका रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये दिसेनासा झाला. नऊ_ते_सात, तुमची ४५ मिनिटं आहेत. म्हणजे फिरणं थोडं वाढवा किंवा बसणं तोडा. दोन्ही जमलं तर मी पेढे देईन, तुम्ही खाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या शिफारशींत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या जोडीला "बसणं कमी करा" हे वेगळं लिहिलंय. किती मिनिटांनी उठा, याचा आकडा मात्र त्यांनी दिला नाही. तेवढा पुरावा अजून नाही, हे शंकासुरांचं म्हणणं मान्य.

---

पुडाचीवडी · १६ मे, सकाळी ११:२५

मी घरी शिवणकाम करते, सक्करदऱ्याला. ३० वर्षं पायाची मशीन चालवली. चार वर्षांपूर्वी लेकाने कौतुकाने मोटर बसवून दिली, "आई, किती पाय मारशील!" आता नुसतं पायाच्या अंगठ्याने दाबायचं. काम दुप्पट निघतं. पण संध्याकाळी घोट्याशी सूज येते, मोज्याचा वळ उठतो. आधी कधी आली नव्हती. वय झालं म्हणून गप्प होते. वरचं त्या हलत्या पायाचं वाचलं आणि मशीनकडे बघत बसले. पायमशीनचा पट्टा अजून माळ्यावर आहे.

---

स्टेथोवाली · १६ मे, दुपारी ३:४०

वडी ताई, आधी सुजेचं. ती तपासून घ्याच, बीपी आणि लघवीच्या तपासणीसह. बीपीच्या काही गोळ्यांनीसुद्धा घोटे सुजतात. सगळं मोटरवर ढकलू नका.

पण तुमच्या मशीनचं मात्र खरंच भारी आहे. पोटरीत खोलवर सोलियस नावाचा स्नायू असतो, वजनाने शरीराच्या जेमतेम एक टक्का. २०२२ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाने लोकांना बसल्या जागी चवडा जमिनीला टेकवून टाच उचलायला लावली, खाली-वर, खाली-वर. साखरेचं पाणी पाजल्यानंतरचा चढ निम्म्याने कमी झाला. प्रयोगात ते तासन्‌तास चाललं होतं, दहा वेळा टाच उचलून ते होणार नाही. पण तासन्‌तास पाय मारणारी व्यक्ती म्हणजे कोण? तुमची पायमशीन काही अगदी तीच हालचाल नाही, पण घोटा आणि पोटरी चालतीच. गुडघे दुखणाऱ्यांना, ज्यांना उठबस जमत नाही त्यांना, हे करून बघायला हरकत नाही.

---

गादीवरून · १६ मे, रात्री १०:५०

इतवारीत सराफी आहे. आमच्याकडे उलटं. मी गादीवर मांडी घालून, पोरं काउंटरला दहा तास उभी. मले वाटे की पोरांची तब्येत माझ्यापेक्षा चांगली राहीन. दोघांच्या पायाच्या शिरा फुगल्या. मग उभं राहणं चांगलं की बसणं, हे ठरवून टाका एकदाचं.

---

शंकासुर · १६ मे, रात्री ११:१२

शेठ, दोन्ही नाही. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ८३ हजार लोकांच्या मनगटाला यंत्र बांधून घेतलेल्या नोंदींचा अभ्यास आला. जास्त वेळ उभं राहिल्याने हृदयविकार कमी झाला नाही. उलट दिवसाला दोन तासांच्या वर उभं राहणाऱ्यांत शिरा फुगणं वगैरे त्रास वाढले. उंच टेबलं विकणाऱ्यांनी हे छापलेलं मी तरी पाहिलं नाही. शरीराला स्थिती बदललेली हवी असते. पोरांना अधूनमधून स्टूल द्या आणि तुम्ही गादीवरून उठून शटरपर्यंत जाऊन या. मांडी घालून जमिनीवरून उठणं म्हणजे तसाही अर्धा व्यायाम.

---

गादीवरून · १६ मे, रात्री ११:२०

उठताना कोणाचा तरी हात लागते, तो धरायचा की नाई?

---

नऊ_ते_सात · २ जून, रात्री ९:३५

सगळ्यांचे आभार. गेल्या दोन आठवड्यांचा अहवाल, अकाउंटंटच्या शिस्तीने.

अर्ध्या तासाला ५ मिनिटं, असं आठ तास केलं तर ८० मिनिटं होतात. साहेबाला सांगून बघा, रोज सव्वा तासाहून जास्त चालायला द्या म्हणून! त्यामुळे तडजोड केली. सकाळी तासातून एकदा, मिनिट-दोन मिनिटं. जेवणानंतरचे दोन तास मात्र कडक, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं, कारण साखर चढते ती तेव्हाच. (स्टेथोवाली मॅडमना व्यक्तिगत निरोपातून विचारून घेतलं.)

पहिले तीन दिवस मोबाइलचा अलार्म लावला. चौथ्या दिवशी तो हात न थरथरता बंद करायला शिकलो. अलार्मला उत्तर द्यावं लागत नाही ना! मग तर्री भाऊंचा खर्रावाला आठवला. तो उठतो कारण त्याला काहीतरी हवं असतं. म्हणून दोन लिटरची बाटली घरी नेली आणि ऑफिसात स्टीलचा छोटा पेला ठेवला. माठ कॉरिडॉरच्या पार टोकाला, जिन्यापाशी. माझ्या टेबलापासून ४६ पावलं, मोजली. पेल्यात चार घोट मावतात. मे महिन्यात नागपुरात चार घोटांवर अर्धा तास निघत नाही, उठावंच लागतं. जेवणानंतर माठापासून एक मजला खाली आणि वर. कॉरिडॉरला कूलर आहे, त्यामुळे ४५ अंशांचा प्रश्न सुटला. फोन आला की उभा राहतो. जीएसटीवाले क्लायंट लांबण लावतात, त्यांचं प्रथमच बरं वाटलं.

आठव्या दिवशी साहेबाने केबिनमध्ये बोलावलं. "बरं नाही का? पोट बिघडलंय? सारखे कुठे जाता?" मी खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बसा ना, उभे का?"

आता आकडे. ग्लुकोमीटर आणला. दोन दिवस डबा सारखाच, तीन पोळ्या, आलू-वांग्याची भाजी, वाटीभर भात, वरण. जेवणानंतर एका तासाने मोजलं. बसून राहिलो त्या दिवशी १८२. चाललो त्या दिवशी १५४.

---

शंकासुर · २ जून, रात्री ९:५०

एक माणूस, दोन दिवस. कोलंबियावाले तरी ११ होते.

---

स्टेथोवाली · २ जून, रात्री १०:१५

शंकासुर बरोबर आहेत. घरच्या मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत फरक यंत्राचाच असू शकतो. वांगं त्या दिवशी कमी-जास्त, झोप कमी-जास्त, सगळ्याने हलतं. पाच-सहा जोड्या घ्या, मग बोलू. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी असते, त्यामुळे ऑगस्टच्या आधी लॅबवाल्याला पैसे देऊ नका.

एक सावधगिरी, वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. जे आधीच इन्शुलिनवर आहेत किंवा साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर आहेत, त्यांनी हालचाल एकदम वाढवली तर साखर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी साखर घ्या, मग मोजा. आणि जिना चढताना छातीत दाब येत असेल तर हा धागा बंद करून डॉक्टरकडे जा.

---

पुडाचीवडी · ११ जून, दुपारी ४:०५

तपासण्या केल्या, लघवी ठीक. बीपीची गोळी बदलून दिली. आणि पट्टा खाली काढला. बाह्या-कॉलर मोटरवर, लांब शिवण पायावर, असं वाटून घेतलंय. लेक म्हणतो, आई मागे चालली. सूज उतरली. गोळीने की पायाने, ते शंकासुरांना विचारा.

---

शंकासुर · ११ जून, दुपारी ४:३०

गोळीने. पण पट्टा काढू नका.

---

नऊ_ते_सात · ९ जुलै, रात्री १०:२०

पाऊस लागला. सहा जोड्या झाल्या. पाच वेळा चाललेल्या दिवशी कमी, एकदा जास्त (त्या दिवशी सहकाऱ्याच्या मुलाचा निकाल, संत्रा बर्फी होती). फरक पहिल्या दिवसाएवढा नाही, १२ ते २० च्या आसपास. वजन जैसे थे. पण चार वाजता जी पापणी जड व्हायची ती होत नाही, हे मी कोणत्याही मीटरशिवाय सांगतो.

मात्र घात झाला आहे. साहेबांना माझी दया आली. काल सकाळी आलो तर माठ गायब, आणि माझ्या टेबलाला अगदी लागून नवीन थंड पाण्याचा डिस्पेन्सर, २० लिटरचा जार लावलेला. स्वतः येऊन म्हणाले, "आता तुम्हाला उठायची गरज नाही." अख्ख्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. काय बोलणार?

---

तर्री_मारके · ९ जुलै, रात्री १०:२८

अरे बाप्पा! आता प्रिंटर सरकवा जिन्यापाशी.

---

कंडक्टरची_लेक · ९ जुलै, रात्री १०:४४

पण आता अख्खं ऑफिस पाण्याला तुमच्या टेबलाशी येत असेल ना? म्हणजे बाकीचे चालायला लागले.

---

नऊ_ते_सात · ९ जुलै, रात्री ११:०१

हो, ते झालंय खरं. म्हणूनच दोन वाजताच जार रिकामा होतो. भरलेला जार तळमजल्यावर असतो आणि आणायला कोणीच उठत नाही. आज तिसऱ्यांदा मीच आणला.